बासीम जिल्हा : एका पुसलेल्या नावाचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाचा आरंभ सभासदांच्या घरोघरच्या जुन्या छायाचित्रांच्या व कागदपत्रांच्या प्रदर्शनाने झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. कार्यकारिणीच्या आग्रहावरून आम्हीही घरातील एक वाटणीपत्र त्या प्रदर्शनास दिले होते. पणजोबांच्या वेळचा तो कागद. कडा झिजलेल्या, घड्यांवर विरलेला, मजकूर मोडी लिपीत. आमच्या तीर्थरूपांनी पूर्वीच एका जाणकाराकडून त्याची बाळबोध नक्कल करवून घेतली होती, ती आम्ही शेजारी ठेवली. त्यात पत्ता होता तो असा : 'तालुके मंगरूळ, जिल्हे बासीम, इलाखे वऱ्हाड'. साल १८९६.

प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तो पत्ता वाचून विचारले, "काका, बासीम म्हणजे आपली वसई का हो?" भोवतालची मंडळी हसली, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्रजी ग्रंथांत वसईस 'बॅसीन' आणि वाशीमास 'बासीम' असे लिहिलेले आढळते, आणि या दूरच्या नगरीत जन्मलेल्या व वाढलेल्या मुलाची त्यात गफलत झाली तर नवल नाही. शिवाय ज्यांचे बालपण वऱ्हाडात गेले अशा आमच्यासारख्यांनाही त्याला तत्काळ एवढेच सांगता आले की, बासीम म्हणजे वाशीम आणि तो पूर्वी एक जिल्हा होता. तो केव्हा झाला, का मोडला, मोडल्याने कोणाचे काय गेले, यांचे उत्तर देता आले नाही. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून, आणि त्याच प्रदर्शनात पुढे जे घडले त्याची नोंद राहावी म्हणून, हा लेखप्रपंच.

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळात नवा माणूस आला की त्यास तीन प्रश्न विचारले जातात. आडनाव काय, नोकरी कोठे, आणि आपण मूळचे कोणत्या जिल्ह्याचे? पहिल्या दोन प्रश्नांनी ओळख होते. तिसऱ्याने आपलेपणा ठरतो. साताऱ्याचा माणूस साताऱ्याच्या माणसाजवळ जाऊन बसतो, रत्नागिरीचा रत्नागिरीच्या. गावाचे नाव दुसऱ्यास ठाऊक असण्याचा संभव कमी, आणि प्रांताचे नाव तर सर्वांचे एकच. म्हणून परमुलखात जिल्हा हीच आपली खूण होऊन बसते. ही खूण डोंगरनद्यांसारखी कायमची आहे, असे आपण मनोमन धरून चालतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. आमच्याच घराचे उदाहरण घ्यावे. पणजोबांच्या कागदावर 'जिल्हे बासीम, इलाखे वऱ्हाड'. वडिलांच्या जन्माच्या नोंदीत 'जिल्हा अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड'. आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जिल्हा अकोला, महाराष्ट्र'. आणि गावी असलेल्या पुतण्याच्या मुलाच्या दाखल्यावर 'जिल्हा वाशीम, महाराष्ट्र'. या चारही पिढ्यांत आमचे घर जागचे तसूभरही हललेले नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात आमच्या जन्मस्थळाचा जिल्हा एका कागदावर अकोला व दुसऱ्यावर वाशीम पाहून तेथील कारकुनाने आमचा अर्ज परत केला. आयुष्यभर सरकारी चाकरीत असूनही त्याची समजूत घालण्यास आम्हांस तीन फेऱ्या घालाव्या लागल्या. तेव्हा ग्रामीण जिल्ह्याची मोडतोड हा केवळ दप्तराचा विषय नव्हे, याचा थोडाबहुत अनुभव आमच्या पदरी आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. वऱ्हाडचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील पूर्णा नदीचे सखल, काळ्या कसदार मातीचे खोरे म्हणजे पयानघाट; आणि अजिंठ्याची रांग चढून गेल्यावर लागणारा उंच सखल पठारी मुलूख म्हणजे बालाघाट. अकोला, अमरावती ही पयानघाटातील नगरे. वाशीम, मंगरूळ, पुसद ही बालाघाटातील. वाशीमच्या परिसरातील डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेस मिळते व तिचे पाणी तापीमार्गे पश्चिम समुद्रास जाते. त्याच पठाराच्या दक्षिण अंगाचे पाणी पैनगंगेत उतरते आणि वर्धा व प्राणहिता यांच्यावाटे गोदावरीस मिळून पूर्व समुद्रास पोहोचते. एकाच मुलखात पडलेला पाऊस दोन समुद्रांस जातो, असा हा उंचवट्यावरचा प्रदेश. त्याचा स्वभाव खालच्या खोऱ्याहून वेगळा. वाशीम व मंगरूळ तालुक्यांतील पठारी जमीन ज्वारी-कपाशीस चांगली. पुसदकडे मात्र डोंगर फार, नदीकाठची जमीन सुपीक आणि बाकी बरीचशी बरड. या दोन भागांचा कारभार एकाच ठिकाणाहून चालविणे कोणत्याही काळी सोयीचे नव्हते, आणि बासीम जिल्ह्याच्या अस्तित्वाचे मूळ कारण हेच होते.

हे ठाणे इंग्रजांनी नव्याने निवडले असेही नाही. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्या घराण्याची एक शाखा येथे नांदली. तिचा संस्थापक प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन. 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणूनही साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव आहे. याच शाखेतील हरिषेणाच्या राज्यकालात त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. पुढे राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लागल्याचे वर्णिले. आज ज्यास आपण आडबाजूचे तालुक्याचे गाव समजतो, त्या गावात काव्याचे लग्न लागले अशी या भूमीची एके काळी ख्याती होती.

१९३९ साली वाशीम येथे वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. काही मजकूर संस्कृतात व काही प्राकृतात असलेल्या या दानपत्रात राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी ब्राह्मणांस एक गाव दिल्याचा उल्लेख आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय गोष्ट ही की, दान दिलेले गाव ओळखू यावे म्हणून ते 'नांदीकड' म्हणजे नांदेड, याच्या उत्तर मार्गातील, अर्थात उत्तर विभागातील, म्हणून सांगितले आहे. म्हणजे दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही गावाचा पत्ता विभागाच्या नावासह लिहिण्याची चाल होती. ताम्रपट राहिला, तो विभाग मात्र केव्हाच लोपला.

मोगलाईत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांपैकी 'बाशीम' हे एक सरकार होते. 'ऐन-इ-अकबरी'त त्याची नोंद आहे व या भागातील मानी, सहजासहजी न नमणाऱ्या हटकरांचा उल्लेखही तेथे आढळतो. पुढे निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल वऱ्हाडावर चालू झाला. एकाच गावावर दोन धन्यांची वसुली, अशी ती प्रसिद्ध दुअमली. वाशीमचे बालाजीचे देवालय हे या भोसलेशाहीचेच स्मारक. भोसल्यांच्या पदरचे भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधविले. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क संपला आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे राहिले.

यापुढील इतिहास कागदोपत्री आहे आणि आपल्या जिल्ह्याचा जन्म त्यातच होतो. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेल्याने कंपनी सरकारने २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व अन्य काही मुलूख निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. सार्वभौमत्व निजामाचे आणि राज्यकारभार इंग्रजांचा, असा हा विलक्षण प्रकार. म्हणूनच सरकारी दप्तरात या प्रांताचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे पडले.

प्रथम वऱ्हाडचे उत्तर व दक्षिण असे दोनच जिल्हे होते. त्यांची मुख्य ठाणी बुलढाणा आणि हिंगोली. हिंगोली निजामाकडे परत गेल्यावर पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले आणि अमरावती व अकोला ही ठाणी पुढे आली. त्यानंतर कारभार जसजसा वाढला तसतसे त्यांतून नवे जिल्हे निघाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात सहा जिल्हे नांदत होते : अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि बासीम. बासीम जिल्ह्यात तालुके तीन : बासीम, मंगरूळ आणि पुसद. क्षेत्रफळ २,९४९ चौरस मैल. दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे निजामाचा मराठवाडा.

जिल्हा म्हणजे कास्तकाराच्या दृष्टीने काय होते, हे आजच्या पिढीस समजावून सांगणे अगत्याचे आहे. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी होती. तेथे रयत आणि सरकार यांच्यामध्ये मालगुजार उभा असे. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. १८६० नंतरच्या दशकात जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक शेतास नंबर पडला, त्याची आकारणी ठरली, आणि खातेदार आपल्या वावराचा सारा थेट सरकारात भरू लागला. मध्यस्थ गेला ही गोष्ट हिताची झाली. परंतु त्याबरोबर प्रत्येक तक्रारीसाठी कास्तकारास स्वतः सरकारच्या दारी जाणे प्राप्त झाले. पाटील-पटवाऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे असो, आकारणीवर हरकत असो, सूट मागावयाची असो, की भावाभावांच्या वाटणीचा तंटा असो, तहसिलीत निकाल न लागल्यास पुढची पायरी डेप्युटी कमिशनरची कचेरी. ती कचेरी एका मुक्कामाच्या अंतरावर असली तर माणूस जाई. तीन मुक्कामांवर असली तर मुकाट्याने सोसून घरी बसे. रयतवारीच्या मुलखात जिल्ह्याच्या ठाण्याचे अंतर हा न्यायाचाच एक भाग असतो, असे आम्हांस आमच्या नोकरीतील अनुभवावरूनही वाटते.

या जिल्ह्याच्या मुळावर दोन गोष्टी आल्या. पहिली आगगाडी. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला तो पयानघाटातून, अकोला व बडनेऱ्यावरून. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसास भाव आला होता, आणि आता तो कापूस मुंबईस नेण्याचे साधनही दारी आले. खोऱ्यातील बाजारपेठा बघता बघता वाढल्या. वाशीम मात्र अकोला स्टेशनापासून ५२ मैलांवर, घाटावर. कापसाच्या बंड्या घाट उतरून खाली जात. घाट चढून वर येणारे धन थोडे. १९०१ साली वाशीम शहराची लोकसंख्या अवघी १३,८२३ होती.

दुसरी गोष्ट दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. त्यांचा परिणाम शिरगणतीच्या आकड्यांतच पाहावा. १८९१ साली सर्व वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ साली ती २७,५४,०१६ झाली, म्हणजे शेकडा ५ ची घट. त्याच दहा वर्षांत बासीम जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा ११ ने घटून ३,५३,४१० वर आली. सर्व प्रांताच्या दुपटीहून अधिक वेगाने हा जिल्हा ओस पडला. आमच्या आजी सांगत असत की, त्या वर्षी गावातील कित्येक घरांचे दरवाजे मोडून विकले गेले आणि मग त्या घरांतील माणसेही दिसेनाशी झाली. त्यांनी हे त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेले होते. आकड्यांतील शेकडा ११ म्हणजे ही बिनदरवाजांची घरे.

दुष्काळानंतरचा हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. बासीम जिल्ह्याकडे वऱ्हाडची एक षष्ठांश भूमी होती, पण माणसे एक अष्टमांशच. दर चौरस मैलास जेमतेम १२० वस्ती. काटकसर पाहणाऱ्या सरकारास असा जिल्हा ओझे वाटला तर आश्चर्य नाही. प्रसंगही तसाच जुळून आला. १९०२ साली लॉर्ड कर्झन व निजाम यांच्यात करार होऊन वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आले आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. नव्या व्यवस्थेत जुन्या चौकटीची फेररचना ओघानेच आली. ऑगस्ट १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. आणि बासीम जिल्हा मोडून त्याचे बासीम व मंगरूळ हे दोन तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास देण्यात आला.

त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि अवघा देश हादरला. वऱ्हाडातील तीन तालुक्यांच्या वाटणीकडे देशाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. परंतु ज्यांचे एक वावर मंगरुळात आणि दुसरे पुसदेत होते, त्यांच्या दृष्टीने हीसुद्धा एक फाळणीच होती. नकाशा उघडून पाहावा : पुसदहून वाशीम यवतमाळपेक्षा जवळ आहे. तरीही त्या दिवसापासून पुसदच्या कास्तकाराची वाट पूर्वेस यवतमाळकडे वळली आणि मंगरूळ-वाशीमच्या कास्तकाराची वाट घाट उतरून अकोल्याकडे. कोर्टकचेरीच्या वाटेनेच पुढे शाळा, दवाखाना, बाजार आणि सोयरीक यांच्या वाटा जातात, हे खेड्यातून आलेल्या वाचकांस सांगावयास नको.

आमच्या घरच्या वाटणीपत्राची हकीकत येथे सांगितली पाहिजे. त्या कागदान्वये थोरल्या पणजोबांकडे मंगरूळ तालुक्यातील राहते घर व तेथील जमीन राहिली आणि त्यांच्या धाकट्या बंधूंकडे पुसद तालुक्यातील वावरे गेली. १८९६ साली ही वाटणी झाली तेव्हा दोघे एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. सणावारास येणे-जाणे होते आणि काही वाद निघालाच तर दोघांस वाशीम सारखेच जवळ होते. नऊ वर्षांनी, कोणीही घर न सोडता, दोघे दोन जिल्ह्यांचे झाले. आजोबांच्या वेळेपर्यंत लग्नपत्रिका जात-येत असत. वडिलांच्या वेळी त्याही थांबल्या. भांडण असे काही झाले नाही. पुसदकडील मंडळी 'यवतमाळवाले' झाली, आम्ही 'अकोलेवाले' झालो, आणि मधल्या डोंगरातली पाऊलवाट मोडली.

पुढील पन्नास वर्षांत या मुलखाने आणखी किती नावे पाहिली, हेही पाहण्यासारखे आहे. १९५० साली मध्यप्रांत व वऱ्हाडचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. आमच्या वडिलांनी वयाच्या विशीपर्यंत एकाच ओसरीवर बसून चार राज्ये पाहिली. राज्ये बदलली तरी जिल्हा मात्र अकोलाच राहिला आणि वाशीम तालुक्याचे गाव म्हणूनच दिवस कंठीत राहिले.

दरम्यान पुसदकडील गहुली या खेड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ते १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मोडलेल्या बासीम जिल्ह्याच्या सर्वांत डोंगराळ तालुक्यातील कास्तकाराच्या घरचा मुलगा राज्याच्या सर्वोच्च आसनावर बसला, आणि आज त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की, वाशीम जिल्ह्याची पुनःस्थापना झाली ती त्याच तिथीस : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठाणे झाले. ऑगस्ट १९०५ ते जुलै १९९८, म्हणजे जवळजवळ त्र्याण्णव वर्षांनी.

मात्र परत आलेला जिल्हा तोच नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. नव्या वाशीम जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा असे सहा तालुके आहेत. यांपैकी कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. ते जुन्या बासीम जिल्ह्यात नव्हते. मूर्तिजापूर तालुक्याबरोबर ते १९०५ साली अमरावतीकडून अकोल्याकडे आले होते आणि आता वाशीमकडे आले. पुसद मात्र परतले नाही. ते यवतमाळातच आहे, आणि पुसदचा स्वतंत्र जिल्हा व्हावा ही तेथील लोकांची जुनी मागणी आहे. जुना जिल्हा सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचा होता. नवा सुमारे ५,१५० चा. जुन्या जिल्ह्यात १९०१ साली साडेतीन लक्ष माणसे होती. नव्यात २००१ साली १०,२०,२१६ आणि २०११ साली ११,९७,१६० होती, आणि त्यांतील पाचांत चार अद्यापि खेड्यांत राहतात. कपाशी-ज्वारीच्या वावरांतून आता सोयाबीन डोलते. अकोला ते पूर्णा हा वाशीमवरून जाणारा लोहमार्ग २००८ साली रुंद झाला. तरीही २०१८ साली केंद्र शासनाने देशातील मागे राहिलेल्या, आकांक्षित म्हणविलेल्या जिल्ह्यांची निवड केली तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीमचे नाव होतेच. त्र्याण्णव वर्षे ठाणे दूर राहिल्याची किंमत ठाणे परत आल्याने एका पिढीत फिटत नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. कचेरी जवळ आली ही पहिली पायरी होय. पुढील पायऱ्या अजून चढावयाच्या आहेत.

येथे सभासद बंधुभगिनींस एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. ज्यांच्या घरी वऱ्हाडातील १९०५ पूर्वीचे कागद असतील त्यांनी जिल्ह्याच्या नावावर विसंबू नये. तालुका आणि मौजे पाहावे. 'जिल्हे बासीम' असे असून तालुका पुसद असेल तर आज शोध यवतमाळकडे घ्यावा. तालुका बासीम किंवा मंगरूळ असेल तर आधी वाशीम आणि मग अकोला. 'जिल्हे एलिचपूर' असेल तर अमरावती. 'जिल्हे वणी', किंवा इंग्रजी कागदात 'वुन', असेल तर यवतमाळ. जिल्हे बदलतात, गावाचे नाव आणि शिव सहसा बदलत नाहीत.

आता प्रदर्शनात पुढे जे घडले ते सांगून लेखणी आवरती घेतो. आमच्या मंडळात एक कुटुंब आहे. अनेक वर्षांचे सभासद. आडनाव आमचेच; पण ते वऱ्हाडात गावोगावी आढळणारे असल्याने त्याचे कोणास काही वाटले नाही. प्रथम भेटीत आम्ही रीतीप्रमाणे जिल्हा विचारला. ते म्हणाले, 'यवतमाळ'. आम्ही म्हणालो, 'अकोला'. आणि संभाषण तेथेच संपून हवापाण्याकडे वळले. गणेशोत्सवात एका पंगतीस बसलो, कोजागिरीस एकत्र दूध प्यायलो, परंतु त्यापलीकडे चौकशी झाली नाही. त्यांनीही प्रदर्शनास एक मोडी कागद दिला होता. त्यात काय लिहिले आहे हे त्यांच्या घरात कोणास वाचता येत नव्हते. आजोबांच्या पेटीत मिळाला म्हणून जपलेला, एवढेच. समारोपाच्या दिवशी मंडळातील मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांनी तो हाती घेऊन सावकाश वाचावयास आरंभ केला. 'तालुके मंगरूळ, जिल्हे बासीम' हे शब्द ऐकून आम्ही जवळ गेलो. पुढे दोन भावांची नावे आली. ती आम्हांस पाठ होती.

तो कागद आमच्याच वाटणीपत्राची दुसरी प्रत होती. धाकट्या पणजोबांच्या वाटणीस आलेली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या दोन्ही प्रती गावापासून शेकडो मैलांवर, आपल्या मंडळाच्या सभागृहात, एका टेबलावर शेजारी-शेजारी पडल्या. ते गृहस्थ आमच्याहून वयाने वडील. नात्याने आम्ही एकाच पिढीचे ठरलो. त्यांनी आमचा हात धरला आणि म्हणाले, "म्हणजे आपण भाऊ लागतो की!" आम्हांस काही बोलता आले नाही. वाकून नमस्कार केला. त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दोन्ही कागदांचे एकत्र छायाचित्र घेतले.

गेल्या दिवाळीस त्यांच्या घरची सर्व मंडळी आमच्याकडे फराळास आली होती. जेवणे झाल्यावर मुलांनी आपापसांत विचारले, आपण आता नक्की कोणत्या जिल्ह्याचे? थोरल्या बंधूंनी उत्तर दिले, "कागदात लिहिले आहे तेच सांगा. जिल्हे बासीम."

असा जिल्हा आज कोणत्याही यादीत नाही, हे आम्ही जाणतो, आणि कार्यालयात अर्ज भरताना तो लिहिता येणार नाही हेही जाणतो. परंतु मंडळाच्या सभासदांच्या नोंदवहीत मूळ जिल्ह्याच्या रकान्यात आमच्या दोन्ही घरांपुढे तोच लिहावा, अशी विनंती आम्ही चिटणीसांस केली आहे, व त्यांनी ती मान्य केली आहे. ज्या मंडळामुळे हे घडले त्यास सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आमचे कृतज्ञ अभिवादन. आणि सर्व सभासदांस नम्र विनंती की, नव्या माणसास जिल्हा विचारून थांबू नये, तालुका आणि गावही विचारावे.